तुळशीत भांग

दिवाळी सरली, की आपल्याकडे तुळशीच्या लग्नाची गडबड सुरू होते. वृंदावनाला गेरूचा हात फिरतो, बाजारात ऊस आणि चिंचा-आवळे दिसू लागतात, आणि वर्षभर अंगणाच्या कोपऱ्यात मुकाट्याने उभी असलेली तुळस एका संध्याकाळपुरती घरची लेक होते. या लाडक्या लेकीला आपल्या भाषेने मात्र एका म्हणीत मोठ्या अवघड शेजारी नेऊन बसवले आहे. चांगल्या कुळात एखादा दिवटा निपजला, की आपण म्हणतो, 'तुळशीत भांग उगवली.' उलट वाईट घरात एखादे गुणी माणूस निघाले, तर 'भांगेत तुळस!' एक पावित्र्याचे टोक, दुसरे बदनामीचे टोक. मराठी शिकवण्यात माझी वीसएक वर्षे गेली, आणि ही म्हण मी किती वेळा फळ्यावर लिहिली असेल याची गणती नाही. पण वनस्पतिशास्त्रवाल्या मित्रांच्या संगतीत राहिल्यावर ध्यानात आले, की म्हणीने जिथे भिंत घातली आहे तिथे सृष्टीने घातलेली नाही. साधे दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन पाहिले, तर तुळशीच्या पानावर आणि भांगेच्या फुलावर एकाच प्रकारची कारागिरी दिसते. सुईच्या टोकाहूनही बारीक असे चकचकीत थेंब!

हे थेंब म्हणजे दवबिंदू नव्हेत. त्या वनस्पतीच्या स्वतःच्या ग्रंथी आहेत. भांगेच्या फुलावरचे असले थेंब पाहून फूल पिकले की कच्चे आहे हे ठरवण्याची एक विद्या आहे. तिची हकीकत मोठी मनोरंजक आहे, आणि थोडी सावध करणारीही आहे.

पिकले की नाही हे डोळ्यांनी ओळखणे, ही गोष्ट आमच्या कर्जत-खालापूरच्या माणसाला काही नवी नाही. बोरघाटाच्या पायथ्याचा हा मुलूख भाताचा. कर्जतला भातसंशोधनाचे केंद्र सुरू झाले ते १९१९ साली. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे, आणि 'कर्जत-१८४', 'कर्जत-३' ही त्याने दिलेल्या वाणांची नावे इथल्या शेतकऱ्याच्या तोंडात घरच्या मुलांच्या नावांसारखी बसली आहेत. आश्विन लागला, की बांधावर उभा राहून शेतकरी पिकाकडे पाहतो. भात पोटरीत आले, निसवले, फुलोऱ्यात आले, दाणा दुधात आला, चिकात आला, भरला, पिकला. एका रोपाच्या आयुष्यासाठी किती शब्द! लोंबी शेंड्याकडून बुडख्याकडे पिकत येते, म्हणून जाणता शेतकरी शेंड्याचा पिवळा दाणा पाहून भुलत नाही. तो लोंबीच्या बुडाचा दाणा काढतो, दाताखाली धरतो, आणि 'कट्' असा आवाज आला तरच विळ्याला धार लावतो. घाई केली तर दाणा पोचट निघतो, उशीर केला तर शेतातच झडतो. डोळा सांगतो, पण शेवटचा कौल दाताचा. हा न्याय वाचकांनी जरा लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता त्या दुसऱ्या वनस्पतीकडे वळू. आधी कायदा सांगितलेला बरा, कारण या विषयात तो फुलाइतकाच महत्त्वाचा आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यावाचून हे झाड लावणे हा गुन्हा ठरवला आहे. त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कुंडीत हौसेने लावले म्हणून कायदा डोळे मिटत नाही. याच कायद्याने गांजाची जी व्याख्या केली आहे, ती भाषेच्या माणसाने मुद्दाम वाचावी अशी आहे. गांजा म्हणजे या झाडाचे फुलाचे किंवा फळाचे शेंडे. शेंड्यांची सोबत नसेल, तर नुसती पाने आणि बिया या व्याख्येत येत नाहीत. म्हणजे कायद्यानेही रेषा ओढली ती फुलाच्या देठापाशी!

आपल्या बोलीने ही रेषा कायद्याच्या कितीतरी आधी ओढली होती. झाड एकच, पण शब्द तीन. पानांची ती भांग, फुलांच्या शेंड्यांचा तो गांजा, आणि अंगावरचा नुसता राळेसारखा चीक खरवडून वा चोळून काढला की ती चरस. घोटणारा तो भंगड, ओढणारा तो गांजेकस. तिन्ही शब्दांमधला फरक खरे पाहता त्या चकचकीत थेंबांच्या गर्दीचा आहे. मोठ्या पानांवर ते विरळ असतात, फुलाच्या शेंड्यावर दाटीवाटीने बसतात, आणि चरस म्हणजे बहुतांशी तेच थेंब एकत्र चिकटलेले. हिमाचलातल्या मलाण्याकडे फुलोरा दोन्ही तळहातांत चोळतात आणि हाताला चिकटलेला काळपट थर काढून घेतात. सूक्ष्मदर्शकाचे नावही माहीत नसलेल्या लोकांनी केवळ तळहाताने त्या ग्रंथी हुडकल्या होत्या, असेच म्हणायला हवे.

या ग्रंथीची घडण मोठी नामी आहे. आकार पावसाळ्यातल्या अळंबीसारखा. खाली बारीक दांडी, वर गोल टोपी. मोठ्यात मोठी टोपीसुद्धा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी. टोपीच्या तळाशी पेशींची एक चकती असते आणि तिच्यावर पातळ पापुद्रा ताणलेला असतो. चकतीतल्या पेशी राळ आणि सुगंधी तेल तयार करतात, आणि ते पापुद्र्याखालच्या पोकळीत साठत जाते. पापुद्रा फुगत जातो, आणि आपल्याला दिसतो तो थेंब. झाड हा खटाटोप माणसाच्या चैनीसाठी करत नाही. कोवळ्या बीजकोशावर बसणाऱ्या किड्यांचे पाय चिकटावेत, कुरतडणाऱ्याचे तोंड कडू व्हावे, अशी ती बाळंतिणीच्या खोलीवरची राखण आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणून तर राळ मादी झाडाच्या फुलोऱ्यावर सर्वांत अधिक. परागकण मिळून बी धरले, की झाडाची शक्ती बियांकडे वळते. बी धरले नाही, तर झाड वाट पाहत फुले आणि राळ वाढवत राहते.

गांजा पिकवणाऱ्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. त्यासाठी कर्जत गाठावे लागेल, पण आमचे नव्हे. महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत. एक आमचे, सह्याद्रीच्या पायथ्याचे आणि भाताचे. दुसरे घाटावरच्या नगर जिल्ह्यातले, ज्वारीच्या कोरड्या मुलखातले. तो नगर जिल्हा, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात गांजाच्या पिकासाठी ओळखला जाई. तेव्हा हे पीक सरकारी परवान्याने आणि कर भरून निघत असे. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरणी, आणि रात्र मोठी होऊ लागली की फुलोरा. नर झाडे वेळीच उपटून टाकायची. मग खालची पाने पिवळी पडून गळू लागली, फुलांतले पांढरे तंतू तपकिरी झाले, बोटाला चिकटपणा आणि नाकाला उग्र दर्प जाणवू लागला, की पीक तयार. कापलेले शेंडे खळ्यावर पसरून पायांनी तुडवीत, म्हणजे राळेने ते एकमेकांना चिकटून चपटे होत.

बंगालमध्ये राजशाहीकडे, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या नौगावला, नर झाडे ओळखून काढण्यासाठी खास माणूस बोलावीत. त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणत. आपल्या 'पारखी'चाच हा चुलतभाऊ. एकही नर नजरेतून सुटला तर शेजारच्या सगळ्या झाडांना बी धरायचे, म्हणून त्याच्या डोळ्याला मोल होते.

पण डोळा कसा फसतो पाहा. इंग्लंडातले जुने शेतकरी तागासारख्या धाग्यासाठी हेच झाड लावीत. त्यातल्या किरकोळ, लवकर वाळणाऱ्या झाडाला ते 'फिंबल' म्हणत, म्हणजे बायकी. थोराड, बी धरणाऱ्या झाडाला 'कार्ल', म्हणजे गडी. खरी गोष्ट नेमकी उलटी! किरकोळ होता तो नर आणि थोराड होती ती मादी. शेतकऱ्याने पाहिले ते बरोबर पाहिले होते. दोन्ही झाडे वेगळी आहेत हे त्याला दिसत होते. पण दिसल्यावर त्याने जे ठरवले, ते झाडावरून नव्हे, आपल्या घरातल्या समजुतीवरून ठरवले. पाहणे आणि ठरवणे यांच्यामध्ये एक पायरी असते, आणि माणूस बहुधा तिथेच घसरतो.

सरकारेही तिथेच घसरतात. १८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला, की हिंदुस्थानात गांजाने लोक वेडे होत आहेत, त्याचे काय? सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. आयोगाने ११९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ साली अनेक खंडांचा अहवाल दिला. त्यातला वेड्यांच्या इस्पितळांचा भाग मोठा बोलका आहे. रोग्याच्या नावापुढे 'वेडाचे कारण : गांजा' असे नोंदलेले असे. आयोगाने मूळ कागद उलगडले तेव्हा कळले, की पुष्कळ ठिकाणी हे कारण वैद्याने शोधलेलेच नव्हते. रोग्याला आणून सोडणाऱ्या पोलिसाने लिहून दिले आणि कारकुनाने वहीत उतरवले. माणूस गांजा ओढतो आणि माणूस वेडा आहे, या दोन गोष्टी दिसल्या, आणि मधली पायरी कुणी तपासलीच नाही. सरसकट बंदीची गरज नाही, बेताचे सेवन सहसा अपायकारक नसते आणि अतिरेक मात्र घातक, असा त्या आयोगाचा निष्कर्ष होता. आजचे वैद्यक कोवळ्या वयाच्या मुलांबद्दल अधिक कडक बोलते. वाढत्या मेंदूला हे व्यसन बाधते, आणि ज्यांच्या प्रकृतीत मनोविकाराचे बी आहे त्यांना तर फारच. ते आईबापांनी ऐकले पाहिजे. पण आयोगाची तपासण्याची रीत मात्र आजही नमुनेदार वाटते.

आता भिंगाकडे येऊ. परदेशांत जिथे लागवडीला परवानगी आहे, तिथे पीक तयार झाले का हे पाहण्यासाठी फुलावरच्या ग्रंथी भिंगातून पाहतात. कोवळेपणी थेंब काचेसारखा पारदर्शक असतो. पुढे तो दुधाळ होतो, आणि शेवटी मधासारखा पिंगट. वाचायला अगदी सोपे. पाण्यातून दुधात, दुधातून मधात! आमच्या शेतकऱ्याच्या 'दुधात आला, चिकात आला' याचीच आठवण व्हावी. पण यातला किती भाग खरा आणि किती समजुतीचा?

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात पॉल माल्बर्ग यांनी या ग्रंथींच्या अभ्यासात अनेक वर्षे घालवली. ग्रंथी वयात येते आणि म्हातारी होते, तसा तिचा रंग पालटतो आणि तिच्यातला साठाही म्हातारपणी घटत जातो, हे त्यांच्या पाहणीतून दिसले. म्हणजे रंग वय सांगतो, ही गोष्ट खरी. पण वय म्हणजे कस नव्हे. एका झाडाच्या थेंबात मादक द्रव्य भरपूर असते, तर धाग्यासाठी लावलेल्या झाडाच्या तसल्याच दुधाळ थेंबात जवळजवळ नसते. तिथे दुसरेच द्रव्य भरलेले असते, आणि बाहेरून दोन्ही थेंब सारखेच गोजिरवाणे! शिवाय एकाच फुलोऱ्यावर काही थेंब कोवळे, काही जून. पानावरचे आधी पिंगट होतात, फुलावरचे नंतर. दिव्याचा उजेड पिवळा असला, तर दूधही मधासारखे दिसते.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली आणखी एक मजा दाखवली. अतिनील प्रकाशात धरल्यावर फुलावरच्या दांडीच्या ग्रंथी निळ्या उजळतात, आणि हा निळेपणा आतल्या साठ्याशी जुळतो. साध्या उजेडात डोळ्याला न दिसणारी खूण दुसऱ्या उजेडात दिसली. तरीही ती खूणच. आत काय आणि किती, याचा शेवटचा कौल रसायनशाळेचा. गांजातले मुख्य मादक द्रव्य शुद्ध रूपात वेगळे काढून त्याची रचना उलगडली ती १९६४ साली, इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी. त्यातला चमत्कार असा, की हिरव्या झाडावरच्या थेंबात हे द्रव्य त्या रूपात जवळजवळ नसतेच. तिथे असते त्याचे निरुपद्रवी आम्ल. उष्णता लागली की ते आम्ल मोडते आणि मादक होते. म्हणजे ज्या थेंबाकडे पाहून माणूस 'पिकले, पिकले' म्हणतो, त्या थेंबात नशा अजून जन्मलेलीही नसते!

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, 'प्राध्यापक, आम्हा संसारी माणसांना या थेंबांचे काय?' त्याचे उत्तर गेल्या पावसाळ्याअखेर मला खालापूर तालुक्यात मिळाले. आमच्या भागात हल्ली शहरातल्या लोकांच्या सुट्टीच्या बंगल्यांच्या वसाहती पुष्कळ झाल्या आहेत. अशाच एका वसाहतीतल्या स्नेह्यांकडे गेलो होतो. तिथे गडबड उडालेली. मराठवाड्यातून आलेल्या पहारेकऱ्याच्या बायकोने खोलीमागच्या जागेत रांगेने रोपे लावली होती. लांब बोटांसारखी फाटलेली, करवतीच्या काठाची पाने. कुणीतरी फोटो काढला, मोबाइलवर सगळ्यांना धाडला, आणि तासाभरात निकाल लागला : गांजा! एक गृहस्थ पोलिसांना बोलवायला निघाले होते, दुसरे पहारेकऱ्याचा हिशेब करायला. निम्मी रोपे उपटून झालेली.

मी त्या बाईंना विचारले, "हे काय लावलंय, ताई?"

त्या रडकुंडीला आल्या होत्या. "अवो सर, ही अंबाडी हाय. भाजी करतो आमी. समद्यांना सांगून ऱ्हायले, कुनी ऐकंना."

एक पान तोडून मी तोंडात टाकले. आंबट ढाण! दुसरे पान त्या पोलिसवाल्या गृहस्थांपुढे केले. त्यांनी बिचकत चावले आणि ते गप्प झाले. पलीकडच्या एका रोपाला फूलही आले होते. भेंडीच्या फुलासारखे मोठे, पिवळे आणि मध्ये काळपट लाल. गांजाच्या झाडाला असे फूल जन्मात येत नाही. त्याची फुले हिरवी आणि बारीक, डोळ्यात न भरणारी.

पान मात्र खरोखरच सारखे दिसते, म्हणून तर अंबाडीच्या शास्त्रीय नावातच लिनियसने 'कॅनाबिनस', म्हणजे गांजासारखी, असा शब्द घातला आहे. अंबाडीचा वाख काढून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दोर वळले, तिची भाजी भाकरीबरोबर खाल्ली. तरी शहरातल्या डोळ्यांना ती ओळखू आली नाही. त्यांनी पान पाहिले, फूल पाहिले नाही. फोटो पाहिला, चव पाहिली नाही. आणि जिने ती पेरली, निंदली, वाढवली, तिला तर कुणी विचारलेच नाही. सरकारी प्रयोगशाळासुद्धा नुसत्या पानाच्या आकारावर थांबत नाही. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथी आणि अस्वलाच्या नखासारखे वाकडे केस शोधतात, वर रासायनिक कसोट्या लावतात, मगच कागदावर शिक्का उमटतो. कारण त्या शिक्क्यापुढे एका माणसाचे घरदार असते. त्या दिवशी उरलेली अंबाडी वाचली, नोकरीही वाचली. उपटलेली रोपे आणि चार लोकांत झालेली शोभा यांची भरपाई कोण करणार?

म्हणून वाचकहो, यंदा तुळशीचे लग्न लावाल तेव्हा मुलांच्या हातात एक भिंग द्या. तुळशीचे एक पान उलटे करून उन्हात धरायला सांगा. पानाच्या पाठीवर लहानलहान ठिपके चमकताना दिसतील. तेलाच्या ग्रंथी त्या. पान चुरगळले की त्यांचा पापुद्रा फुटतो आणि लवंगेची आठवण देणारा वास येतो. त्याचे कारण असे, की लवंगेतले युजेनॉल हेच तेल तुळशीतही आहे. सुगंध कुठून येतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल पुढे आयुष्यभर पान चुरगळण्याआधी नीट बघेल. आणि दहा माणसे एखाद्याला 'तुळशीतली भांग' म्हणू लागली, तर 'आधी फूल दाखवा' असे विचारण्याची त्याला सवय लागेल.

भाताचा दाणा असो, गांजाचे फूल असो की माणसाची नियत असो, ओळखण्याचे काम डोळा सुरू करतो. संपवतो तो दात, भिंग, रसायनशाळा, किंवा समोरच्याला विचारलेला एक साधा प्रश्न. आमच्या कर्जतचा शेतकरी लोंबीच्या बुडाचा दाणा चावल्याशिवाय विळा उचलत नाही. आपण शिकलेल्या माणसांनी त्याच्याकडून एवढे घेतले, तरी पुष्कळ झाले.